मेल आपला, डोमेन भलतंच: या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी असो, तासगावचा बेदाण्याचा व्यापारी असो की मिरजेतला सतार-तंबोरे घडवणारा कारागीर, लांबच्या गिऱ्हाइकाशी दर, बिल, बँक खातं हे सगळं आता मेलवर ठरतं. अशा वेळी पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी अनोळखी डोमेन (मेल-पत्त्यातला @ नंतरचा भाग) दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, आणि त्यानं बिचकावंच. मात्र कारण न शोधताच जे उपाय सुरू होतात, त्यात वेळ जातो आणि डोमेन आहे तसंच राहतं.

चूक: फक्त नाव बदलून बघणं

सेटिंगमध्ये जाऊन पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं, सहीखाली कंपनीचा लोगो टाकायचा, हे सगळ्यात आधी केलं जातं. त्यानं काही होत नाही, कारण एका मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. टपालाच्या पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या लेटरहेडवर दुसरा असावा, तसं हे आहे. वाचणाऱ्याला दिसतो तो ‘फ्रॉम’चा पत्ता. सर्व्हर एकमेकांना मेल देताना वापरतात तो वेगळा, आणि मेल पोचल्यावर त्याची नोंद ‘रिटर्न-पाथ’ म्हणून राहते. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असा नियम मेल पाठवण्याच्या १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी पद्धतीत नव्हता, आजही नाही.

पुढे तपासणीच्या तीन पद्धती आल्या. एसपीएफ विचारतं, पाकिटावरच्या डोमेननं या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी दिली आहे का? डीकिम ही डोमेनच्या नावानं केलेली डिजिटल सही. डीमार्क विचारतं, या दोन्हींपैकी निदान एक ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळतं का? मेल दुसऱ्याच डोमेनवरून आला आणि ‘फ्रॉम’शी जुळला नाही, की जीमेल नावापुढे ‘व्हाया’ लिहून ते दुसरं डोमेन दाखवतं. आउटलुकमध्ये मेलच्या ‘सेंडर’ ओळीत ‘फ्रॉम’हून वेगळा पत्ता असेल, तर ‘ऑन बिहाफ ऑफ’ दिसतं. म्हणजे दुरुस्ती करायची ती डोमेनच्या डीएनएस नोंदींत (डोमेनची माहिती इंटरनेटवर जाहीर करणाऱ्या नोंदींत) आणि मेल पाठवणाऱ्या सेवेत.

चूक: ‘पास’ दिसलं की निश्चिंत होणं

काहीही बदलण्याआधी पेढीच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा. तो संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडा, कारण मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही. उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘मूळ दाखवा’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा ओळी दिसतात. बहुतेक जण एसपीएफ आणि डीकिमसमोर ‘पास’ वाचतात आणि खिडकी बंद करतात. पास कुणाच्या डोमेननं झालं, हे वाचायचं राहूनच जातं. डीकिमसमोर तुमच्याऐवजी होस्टिंगवाल्याचं (ज्याच्या सर्व्हरवर तुमची साइट आहे त्याचं) किंवा मेल-सेवेचं डोमेन असेल, तर सही खरी आहे, पण ती तुमची नाही. खालच्या मजकुरात ‘रिटर्न-पाथ’ची ओळ शोधा आणि तिथलं डोमेनही ताडून बघा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, कारण ते परकं डोमेनच सांगतं की मेल कुठून बाहेर पडतोय.

तिथं ॲमेझॉनएसईएस डॉट कॉम दिसलं, तर तुमची बिलं किंवा दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणारी सेवा ॲमेझॉनचे सर्व्हर वापरते. त्या सेवेत आपलं डोमेन पडताळून डीकिमच्या नोंदी भरा आणि ‘कस्टम मेल फ्रॉम’ (पाकिटावरचा पत्ताही आपल्याच डोमेनचा करण्याची सोय) लावा. जीॲप्सएसएमटीपी डॉट कॉम दिसलं, तर गूगल वर्कस्पेस (गूगलची कंपन्यांसाठीची मेल-सेवा) घेतलंय, पण ॲडमिन कन्सोलमध्ये स्वतःच्या डोमेनची डीकिम चावी तयार करून चालू केलेली नाही. ‘फ्रॉम’मध्येच ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम येत असेल, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्या कर्मचाऱ्याचा मुख्य पत्ता अजून सुरुवातीच्या आयत्या डोमेनवरच आहे. तो बदलायला फार वेळ लागत नाही.

चूक: वेबसाइटच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता ‘फ्रॉम’ला टाकणं

ही चूक महागात पडते, कारण ती दिसतच नाही. चौकशीला उत्तर देणं सोपं जावं म्हणून फॉर्म बनवणारा ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकानं भरलेला पत्ता टाकतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता याहूचा असेल, तर तुमचा सर्व्हर याहूच्या नावानं मेल पाठवतो. याहूनं एप्रिल २०१४ मध्येच डीमार्कचं धोरण ‘रिजेक्ट’ (न जुळणारा मेल नाकारा) केलं, त्यामुळे ते धोरण पाळणारा सर्व्हर असा मेल दारातूनच परत पाठवतो. चौकशी आली होती हे पेढीला कळतही नाही. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर जिथं जावं त्या रकान्यात) टाका. वर्डप्रेसची साइट असेल तर एसएमटीपीचं प्लगइन बसवून खऱ्या मेलबॉक्समधून मेल जाऊ द्या. नाहीतर शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) अनेकदा सर्व्हरचंच लांबलचक नाव ‘रिटर्न-पाथ’ला चिकटतं.

ठोक मेल पाठवणाऱ्या सेवेत फुकटचा जीमेल पत्ता ‘फ्रॉम’ला देऊ नका. जीमेलच्या नावानं सही करणं त्या सेवेच्या हातात नसतं. काही सेवा अशा वेळी तो पत्ता काढून स्वतःच्या डोमेनचा पत्ता घालतात.

चूक: एसपीएफच्या दोन नोंदी

होस्टिंगची एक नोंद आधीच असते. नवी सेवा घेतली की तिच्या सूचना वाचून दुसरी टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन सापडल्या की तपासणीच रद्द ठरते आणि कालपर्यंत नीट जाणारे मेलही अडकू लागतात. जुन्याच नोंदीत नवा ‘इन्क्लूड’ (नव्या सेवेला परवानगी देणारा भाग) जोडा. एक नोंद तपासताना डीएनएसकडे जास्तीत जास्त १० वेळा विचारणा करता येते, म्हणून वापरात नसलेल्या सेवा काढून टाका.

डीमार्क लावतानाही घाई नको. आधी धोरण ‘नन’ (काहीच अडवू नका) ठेवून अहवाल मागवा. आपले सगळे मेल जुळताहेत हे दिसलं की ‘क्वारंटाइन’ (न जुळणारा मेल स्पॅममध्ये टाका), आणि मगच ‘रिजेक्ट’. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. छोट्या पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकिम लागतंच.

आलेल्या मेलचं काय?

इथं चूक दोन्ही बाजूंनी होते. ‘व्हाया’ दिसलं म्हणून खऱ्या व्यापाऱ्याचा मेल स्पॅममध्ये ढकलला जातो, आणि तिन्ही तपासण्या पास झाल्या म्हणून भामट्यावर विश्वास ठेवला जातो. खऱ्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून डोमेन विकत घेता येतं, आणि त्यावर एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं व्यवस्थित लावताही येतं. मोबाइलवर वरवर फक्त नाव दिसतं, म्हणून नावावर टॅप करून पूर्ण पत्ता वाचा. ‘आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात पैसे टाका’ असा मेल आला, तर डोमेन बरोबर दिसलं तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

बँकांच्या मेलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना डॉट बँक डॉट इन या डोमेनवर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. आपल्या बँकेच्या मेलचं डोमेन बदललेलं दिसलं तर त्याचं हे कारण असू शकतं. तरी मेलमधली लिंक न दाबता पत्ता स्वतः टाइप करून साइट उघडा.

शेवटी एक अडचण आपल्याकडे फार दिसते. डोमेन पेढीचं असतं, पण त्याचं खातं साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर असतं आणि तो आता पुण्याला नोकरी करतो. डीएनएसचा पासवर्ड कुणाकडेच नसतो. डीएनएसमधली वरची कुठलीही दुरुस्ती त्या खात्याशिवाय होत नाही. रजिस्ट्रारकडचं (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं) खातं आधी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर करून घ्या. मग नोंदी बदला. बदल सगळीकडे पोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यानंतर पुन्हा एक मेल पाठवून ‘मूळ दाखवा’ उघडा आणि डीकिमसमोर कुणाचं डोमेन आहे ते वाचा.