पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप: आवाज सुधारायचा तर सुरुवात कुठून?

एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा प्रीअँप व्हॉल्व्ह), एक ईएल८४ किंवा ६व्ही६ (स्पीकर हलवणारा पॉवर व्हॉल्व्ह), दोन ट्रान्सफॉर्मर आणि आठ इंची स्पीकर. छोट्या व्हॉल्व्ह गिटार अँपमध्ये एवढंच असतं. भाग कमी असल्यामुळे प्रत्येक भागाचा आवाजावर परिणाम होतो. म्हणूनच चुकीच्या जागी पैसे घातले की काहीच फरक पडत नाही आणि माणूस निराश होतो. बहुतेक जण आधी महागडे व्हॉल्व्ह मागवतात. खरं तर ते सगळ्यात शेवटचं काम. आधी घरातली वीज, मग स्पीकर, मग पॉवर व्हॉल्व्ह मोजून बघणं, मग हम (अँपची घूंघूं), मग प्रीअँप, असा क्रम ठेवा.

एका वेळी एकच बदल करा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी थोडी घासतो, तार छेडून ऐकतो, मग पुन्हा घासतो. इथंही तसंच करायचं. चार कपॅसिटर एकदम बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली आणि बिघाड कशामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. वहीत भागाचं जुनं मूल्य, नवं मूल्य (ओम, मायक्रोफॅरड) आणि व्होल्टेज लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्याआधी आतला फोटो काढा.

उघडण्याआधी

आत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरमध्ये) साठून राहतो. हा झटका जीव घेऊ शकतो. प्लग काढा. १० किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपच्या वायर लावा. एक टोक चॅसीला (धातूच्या सांगाड्याला), दुसरं पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या प्लसला, पाच-दहा सेकंद. मग मीटर लावून बघा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून चार्ज उतरवण्याची सवय असेल तर ती सोडा. त्यात ठिणगी उडते आणि कपॅसिटर खराब होतो. एकदा आत गेलातच तर पहिल्या कपॅसिटरवर २२० किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा बसवून टाका. अँप बंद केल्यावर साधारण मिनिटभरात व्होल्टेज आपोआप उतरेल. तरीही मीटर लावायचाच. चालू अँपमध्ये मोजताना काळी क्लिप चॅसीला अडकवा आणि एकाच हाताने मोजा.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर लोड नसताना प्रायमरीत खूप जास्त व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. हा ट्रान्सफॉर्मर अँपमधला सगळ्यात महाग आणि मिळायला सगळ्यात अवघड भाग.

अर्थिंगची पिन कापून हम घालवणं हा उपाय नव्हे. जुन्या वाड्यात किंवा गणपतीच्या मांडवात तात्पुरत्या वायरिंगवर वाजवायचं असेल तर आधी सॉकेट तपासा. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तसं नसेल तर तिथं अँप लावू नका. एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागलेले, अशा वेळी अर्थ खराब असेल तर करंट गायक-वादकाच्या अंगातून जातो.

भिंतीतलं व्होल्टेज

अमेरिकन किंवा युरोपीय मार्गदर्शनात ही गोष्ट फारशी येत नाही, पण सातारा-सांगलीच्या गावांत ती पहिली बघावी लागते. दिवसा शेतीपंप चालू असले की लाईनच्या शेवटच्या घरात व्होल्टेज पडतं. रात्री पंप बंद झाले की चढतं. अँपमध्ये व्होल्टेज सावरणारं सर्किट नसतं, त्यामुळे भिंतीतला चढउतार थेट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो.

व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ५.७ ते ६.९. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असेल आणि भिंतीत २५० असेल, तर हीटरला ७.१ च्या पुढे जातं. प्लेटचं (व्हॉल्व्हमधल्या जास्त व्होल्टेजच्या टोकाचं) व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढतं. आवाज कडक, टोचरा होतो आणि व्हॉल्व्ह लवकर संपतो. उलट भिंतीत १९० असेल तर २३० च्या ट्रान्सफॉर्मरवरही हीटरला ५.२ च मिळतात. कॅथोड (हीटरने तापणारा, इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) पुरेसा तापत नाही, आवाज मऊ आणि पोकळ होतो. "संध्याकाळी छान वाजत होता, दुपारी मेला" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथंच सापडतं.

मीटर एसीवर ठेवून १२एएक्स७ च्या एकत्र जोडलेल्या पिन ४-५ आणि पिन ९ यांच्यामध्ये मोजा, एकदा दुपारी, एकदा रात्री दहानंतर. सतत जास्त येत असेल आणि ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप (वेगळी जोडणी) असेल तर तो वापरा. टॅप नसेल तर चांगला स्टॅबिलायझर किंवा लहान डिमरस्टॅट (हाताने व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावा. डिमरस्टॅट असेल तर भिंतीतलं व्होल्टेज बदललं की तो पुन्हा जुळवावा लागतो, हे विसरू नका.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप भुरभुरतो आणि दबल्यासारखा वाजतो. अशा लाटेचं शिखर साईन लाटेपेक्षा खाली असतं. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) फिल्टर कपॅसिटरला त्या शिखरापर्यंतच चार्ज करतो, म्हणून प्लेटचं व्होल्टेज घसरतं. १२० व्होल्टचा अमेरिकन अँप असेल तर किमान १०० व्हीए चा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. अर्ध्या तासानंतर हात टेकवता येतो का बघा.

स्पीकर

सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. आठ इंची स्पीकरची संवेदनशीलता ९४ डेसिबल असेल आणि बारा इंची स्पीकरची १००, तर फरक ६ डेसिबलचा. म्हणजे तेच पाच वॅट जुन्या स्पीकरवरच्या वीस वॅटसारखे ऐकू येतात. शिवाय खालचे सूर भरतात आणि डबा वाजल्यासारखा आवाज जातो.

अँपच्या आउटपुटला जितके ओम लिहिलेत तितक्याच ओमचा स्पीकर जोडा. ४ ला ४, ८ ला ८. वायर साधी दोन पदरी जाड घ्या. गिटारची शील्ड केबल स्पीकरला वापरू नका. पेटी सुताराकडून १८ मिमी प्लायची करून घ्या. बारा इंचीसाठी बाहेरून साधारण २० × १८ × १० इंच पुरतं. मागची बाजू एक तृतीयांश उघडी ठेवा. समोरच्या फळीतलं भोक सुमारे २८० मिमी, पण स्पीकर हातात आल्यावर मोजूनच कापा. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे तर त्याचा विचारच नको.

पॉवर व्हॉल्व्ह: मापून बघा

बऱ्याच छोट्या अँपमध्ये पॉवर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा गरम चालवलेला असतो. ईएल८४ ची प्लेट जास्तीत जास्त १२ वॅट झेलते. हिशेब सोपा आहे. कॅथोड म्हणजे पिन ३, प्लेट म्हणजे पिन ७.

समजा कॅथोडवर ८.५ व्होल्ट आहेत आणि कॅथोड रेझिस्टर १५० ओमचा आहे. ८.५ भागिले १५० म्हणजे सुमारे ५७ मिलिअँपिअर. त्यातले पाच-सहा स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे), उरले ५१. प्लेटवर २९० असतील तर प्लेट ते कॅथोड २८१.५. गुणाकार केला की १४.४ वॅट. मर्यादेच्या बरंच पुढे. हा व्हॉल्व्ह काही महिन्यांत थकेल आणि त्याआधीही आवाज चेपलेलाच येईल. १५० च्या जागी १८० किंवा २२० ओम, ५ वॅटचा रेझिस्टर घाला, पुन्हा मोजा, १० ते ११.५ वॅटवर थांबा. ६व्ही६ साठी कॅथोड पिन ८ आणि प्लेट पिन ३. मर्यादा तीच १२ वॅट धरा. जुन्या फेंडर चँप ५एफ१ या छोट्या अँपमध्ये इथं ४७० ओम असतात.

स्क्रीनला रेझिस्टर नसेल तर ४७० ओम ते १ किलोओम, ३ वॅटचा घाला. जोरात वाजवताना स्क्रीन वाचते. ग्रिडच्या (सिग्नल आत येतो त्या) पिनवर, अगदी सॉकेटला टेकून, १.५ किलोओम लावा. वायरच्या दुसऱ्या टोकाला लावला तर उपयोग नाही.

हम ओळखायची युक्ती

सहावी तार तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) वाजवा. तो सूर ९८ हर्ट्झचा आहे. अँपची घूंघूं त्याला जवळपास मिळत असेल, किंचित वर, तर ती १०० हर्ट्झची. म्हणजे रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कपॅसिटर कमी पडतायत किंवा सुकलेत. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची: हीटर किंवा अर्थिंगच्या जोडणीतली. परदेशी लिखाणात १२० आणि ६० असतं, ते आपल्याकडे लागू नाही.

१०० हर्ट्झसाठी फिल्टर बदला. जुन्या १६-८-८ मायक्रोफॅरडच्या जागी २२-२२-२२, ४५० व्होल्ट. ५वाय३ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या जागी २२ च्या पुढे जाऊ नका, सुरुवातीच्या चार्जिंगचा झटका त्याला सोसत नाही. सिलिकॉन डायोड असतील तर ४७ चालतो. प्लस-मायनस दोनदा बघा, उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो.

५० हर्ट्झसाठी हीटरच्या दोन्ही वायर घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्यातून न्या. हीटरच्या वायंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांवरून १००-१०० ओम, अर्धा वॅटचे रेझिस्टर घेऊन एकत्र जोडा. हा मधला बिंदू चॅसीऐवजी पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडला तर हीटर त्या कॅथोडइतका वर उचलला जातो आणि हीटरमधून प्रीअँपच्या कॅथोडकडे होणारी गळती थांबते. टॅप चॅसीला जोडलेला असेल तर ती जोडणी आधी काढा, नाहीतर कॅथोड रेझिस्टर शॉर्ट होईल. अर्ध्या तासाचं काम, पण फरक मोठा.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हम तेवढाच असेल तर दोष पॉवर भागात. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर पहिल्या टप्प्यात, किंवा गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये. गिटार काढून बघा.

प्रीअँप

आता कुठं चवीचा भाग येतो. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर १.५ किलोओमला समांतर २२ किंवा २५ मायक्रोफॅरड असतो, तो सगळ्या सुरांना सारखाच उठाव देतो. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) गिटारवर खालचा भाग चिखल होत असेल तर तिथं २.२ किंवा १ घाला. ०.६८ घातला तर उठाव साधारण ३०० हर्ट्झच्या वरच मिळतो, आवाज धारदार होतो. टेलिकॅस्टरसारख्या मुळातच तीक्ष्ण गिटारवर मात्र ०.६८ कानाला टोचेल.

पुढचा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा) ०.०२२ मायक्रोफॅरड आणि पुढचा रेझिस्टर २२० किलोओम असेल तर खालची कड सुमारे ३३ हर्ट्झवर पडते. ०.०१ केला तर ७२, ०.००४७ केला तर १५४. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ वर असते, म्हणून ०.०१ हा समतोल पर्याय. हे कपॅसिटर ६३० व्होल्टचे घ्या. प्लेट रेझिस्टरही निदान अर्धा वॅटचे. पाव वॅटचे साधारण २५० व्होल्टपर्यंतच टिकतात. जवळच्या रेडिओ-टीव्ही सामानाच्या दुकानात नसतील तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

फीडबॅक असेल, म्हणजे स्पीकरकडून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडकडे २२ किलोओम येत असेल, तर त्याला सिरीजमध्ये १०० किलोओमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) जोडा. फीडबॅक कमी केला की आवाज मोठा, खरखरीत, तळ सैल. पूर्ण ठेवला की नितळ. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर अँप कर्कश किंचाळत असेल तर फीडबॅक उलटा झालाय, प्रायमरीच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

व्हॉल्व्हबद्दल थोडक्यात: पहिल्या सॉकेटमध्ये १२एएक्स७ ची वाढ १००, ५७५१ ची ७०, १२एवाय७ ची ४५. पिना त्याच, थेट बसतात. लवकर फाटणारा आवाज उशिरा फाटायला हवा असेल तर १२एवाय७ घाला. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ आणि ईसीसी८३ अजून कुठं कुठं मिळतात. ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७ च.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्डवर (ज्यात बल्ब अँपच्या सिरीजमध्ये येतो) ४० किंवा ६० वॅटचा जुना तंतूचा बल्ब लावून अँप चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

पुरात भिजलेला अँप

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या घरांत असे अँप सापडतात. बाहेरून सुकलेला दिसला तरी थेट प्लग लावू नका. ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगमधल्या कागदात ओल आणि गाळ महिनोन्‌महिने राहतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून सोडवा, ऊन किंवा ६० अंशांच्या आसपासची ऊब देऊन काही दिवस वाळवा. मग मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) वायंडिंग ते कोअर आणि प्रायमरी ते सेकंडरी तपासून घ्या. आकडा काही मेगओमवरच अडकत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर वापरू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे नवे घाला, सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. व्हॉल्व्हची काच तडकलेली नसेल आणि आतला चंदेरी डाग पांढरा पडला नसेल तर पिना घासून तो पुन्हा वापरता येतो. भिजलेल्या स्पीकरचा कागदी कोन सुकल्यावर वाकडा होतो आणि कॉइल घासायला लागते. तो रीकोन करून (नवा कोन बसवून) घ्यावा लागतो.