कॅज्युअल्टीतून घरी गेलेल्या पेशंटला मेसेज करताय? या चुका टाळा

इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे इमर्जन्सी विभागात, मी अकरा वर्षं आहे, आधी सिस्टर होते आणि गेली चार वर्षं फॉलोअपचं टेबल माझ्याकडे आहे, म्हणजे पेशंट घरी गेला की उरलेले रिपोर्ट कळवायचे, टाके काढायची तारीख सांगायची, तब्येत विचारायची. दर थोड्या महिन्यांनी नवीन मुलं-मुली येतात आणि त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नंबर कोणाचा आहे ते न विचारणं

ही सगळ्यात वाईट चूक. कॅज्युअल्टीच्या कागदावरचा मोबाईल नंबर बऱ्याचदा पेशंटचा नसतोच. पेशंट आत स्ट्रेचरवर असतो आणि काउंटरवर उभा असतो भाऊ, शेजारी, रिक्षावाला, नाहीतर ॲक्सिडेंट बघून उचलून आणणारा कोणीतरी भला माणूस, ज्याला नाव-नंबराची सक्ती करताच येत नाही. तरी रकाना रिकामा दिसला की आमची मुलं त्याचाच नंबर टाकून मोकळी होतात.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी रात्री आली, बऱ्हाणपूरची, इथे भंवरकुआंला राहून कोचिंग करत होती. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास लागलेला. ईसीजी नॉर्मल, ऑक्सिजन नॉर्मल, डॉक्टरांनी तासभर बसवून समजावलं आणि मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. तिला घेऊन आला होता घरमालक. तिसऱ्या दिवशी आमच्याकडून मेसेज गेला, त्यात तिचं नाव, ‘पॅनिक अटॅक’, मानसोपचार विभाग, वेळ साडेअकरा, सगळं एकत्र, आणि गेला घरमालकाच्या फोनवर. ओपीडीला ती आलीच नाही. आठवड्याने आली ती बॅग घेऊन, खोली सोडायला सांगितलं होतं आणि घरी फोनही मालकानेच करून टाकला होता. टेबलासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, “ताई, माझा नंबर तर मला कोणी विचारलाच नाही.” मला काही बोलता आलं नाही. मेसेज दुसऱ्या कोणी टाईप केला असला तरी गेला माझ्या टेबलावरूनच. मानसिक आजाराची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या कायद्याने पेशंटचा हक्क आहे, आणि आम्ही तो एका क्लिकमध्ये घालवला.

तेव्हापासून माझी सवय अशी की डिस्चार्जच्या आधी मी स्वतः बेडपाशी जाते, नातेवाईकांना औषधं आणायला पाठवते आणि मग विचारते: हा नंबर कोणाचा, फोन अजून कोण कोण बघतं, मेसेज चालेल की फोनच करू? मेसेज चालेल म्हटलं तर तिथेच एक साधा मेसेज टाकते, नुसता नमस्काराचा, आणि तो पेशंटच्या हातातल्या फोनवर वाजलेला बघूनच पुढच्या बेडकडे जाते. दोन मिनिटं लागतात. नवीन मुलं म्हणतात गर्दीत कुठे वेळ आहे, पण चुकीचे नंबर गर्दीतच पडतात ना! आणि उत्तर कागदावर लिहून ठेवा. २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-मेसेजवरून उपचार) गाइडलाइन्समध्येही हेच आहे, पेशंटने स्वतः संपर्क केला तर संमती धरून चालते, आपण आधी केला तर स्पष्ट विचारावी लागते.

‘व्हॉट्सॲप सिक्युअर आहे’ म्हणून सगळं लिहून टाकणं

एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज वाटेत कोणाला वाचता येत नाही हे खरं, पण ते फक्त वाटेतल्यांसाठी. फोन टेबलावर पडलेला असताना लॉक स्क्रीनवर पहिल्या दोन ओळी घरातला कोणीही वाचतो. साध्या एसएमएसला तर तेवढंही संरक्षण नाही. म्हणून आजाराचं नाव, टेस्टचं नाव, विभागाचं नाव मेसेजमध्ये नको. मी लिहिते, ‘तुमचा राहिलेला रिपोर्ट आला आहे, ११ ते ४ मध्ये फोन करा.’ बाकीचं फोनवर, तेही जन्मतारीख विचारून. प्रेग्नन्सी टेस्ट आणि एचआयव्हीचं तर कधीच, कधीच लिहून नाही.

मेसेज पाठवायचे पण उत्तरं कोणी बघायची नाहीत

देवासच्या एका काकांनी रात्री पावणेतीनला लिहिलं, ‘परत तसंच दुखतंय, येऊ का?’ आमचा फोन ड्रॉवरमध्ये चार्जिंगला. सकाळी आठला बघितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. मुलाने पहाटेच आणून ॲडमिट केलं होतं म्हणून निभावलं, पण ते दोन तास काका आमच्या उत्तराची वाट बघत बसले होते, छातीत दुखत असताना. आता प्रत्येक मेसेजच्या शेवटी ओळ असते, ‘त्रास वाढला तर इथे लिहू नका, १०८ ला फोन करा किंवा लगेच या.’ आणि ड्युटी बदलताना फोन हातात देऊन रजिस्टरवर सही होते, मग समोर कितीही सीनियर असो.

छोट्या छोट्या पण रोजच्या चुका: स्वतःच्या पर्सनल फोनवर एक्स-रेचा फोटो ठेवणं (गॅलरी घरी मुलं बघतात). छोटी केलेली लिंक पाठवणं, लोक फसवणुकीच्या भीतीने उघडत नाहीत आणि बरोबरच करतात. दोन निळ्या टिका म्हणजे समजलं असं धरणं. हिंदीवाल्याला इंग्रजी टेम्पलेट. आणि देवनागरी एसएमएस ७० अक्षरांत बसवावा लागतो, रोमनसारखे १६० मिळत नाहीत, शिवाय काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, ‘नमस्कार’चेच सात होतात, त्यामुळे लांब मेसेजचे तुकडे पडतात आणि बिलही वाढतं.

‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढंच लिहून सोडून देणं

डेंग्यूच्या सीझनमध्ये याचा मला फार राग येतो. ताप उतरला, प्लेटलेट ठीक, मेसेज गेला ‘नॉर्मल’, घरचे निवांत. पण डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सांभाळायचे असतात. म्हणून ताप उतरल्याचं कळलं की मी त्याच दिवशी आजाराचं नाव न घेता हा मेसेज टाकते: ‘ताप गेला तरी दोन दिवस लक्ष ठेवा. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर लगेच कॅज्युअल्टीत या.’ आणि संध्याकाळी एक फोन.