पोपडे उडालेल्या भिंतीचा फोटो: फ्रेम कशी बसवायची

सराफ बाजारापासून भद्रकालीपर्यंत जुन्या नाशकात फोटोजोग्या भिंतींना तोटा नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पातळ विटा, विटांवर चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षं चढलेले नीळ घातलेल्या चुन्याचे हात. तरी घरी येऊन पाहावं तर फोटोत नुसता तांबूस-राखाडी पसारा. प्रत्यक्ष बघताना आपली नजर एका खपलीवर खिळलेली असते, कॅमेरा मात्र सगळ्या खपल्या सारख्याच टिपतो.

म्हणून आधी एकच जागा निवडा: कोनाडा, विटांनी बुजवलेली खिडकी, गंजलेली कडी, किंवा गिलाव्याचा मोठा पोपडा पडून उघडी पडलेली वीट. डोळे अर्धवट मिटून भिंतीकडे बघा. तरीही जे उठून दिसतं, तो तुमचा विषय. काहीच उरलं नाही तर पुढची भिंत शोधा.

मग ऊन. पोपड्याची कड दिसते ती तिच्या सावलीमुळे, आणि सावली पडते ऊन भिंतीला घासून गेलं तरच. समोरून पडलेल्या उन्हात भिंतीचा उठाव मरतो. नाशिकला सूर्य मध्यावर येतो तो बाराला नव्हे, साधारण साडेबाराला. त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर घासतं ऊन साडेअकरा ते सव्वाबारा मिळतं, पश्चिमेकडच्या भिंतीवर पाऊण ते दीड. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ४७ अंशांवर असतो, म्हणून या भिंतींवर सावल्या जवळजवळ ४५ अंशांत तिरप्या पडतात. मे महिन्यात त्याच सावल्या सरळ खाली ओघळतात आणि प्रत्येक खड्डा काळाठिक्कर होतो. उत्तरेकडच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतच नाही. तिथे उठावाचा नाद सोडा, रंगांवर फोटो उभा करा.

उभं राहण्याची जागा मोजून घ्या. ५० मिमी लेन्सने (फुल फ्रेम, म्हणजे ३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३ मीटरवरून साधारण सव्वादोन मीटर रुंद भिंत फ्रेममध्ये येते. गल्ली अरुंद असली तर ३५ मिमी लावून २ मीटरवर उभे राहा, रुंदी जवळपास तेवढीच मिळते. मोबाइलवर अल्ट्रावाइड नको, विटांचे थर कडेला वाकतात. शक्य असेल तर २एक्स वापरा. कॅमेरा विषयाच्या उंचीवर धरा. खालून वर बघत काढलं की उभ्या रेषा आत झुकतात आणि भिंत मागे पडतेय असं वाटतं. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करून विटांचा एक थर आडव्या रेषेला जुळवा. थर मुळातच खचलेला असेल तर दाराची उभी चौकट प्रमाण धरा. दोन्ही तिरक्या असतील तर कॅमेऱ्याची लेव्हल पाहा आणि भिंतीला वाकडीच राहू द्या.

एक उदाहरण घेऊ. निळसर गिलावा, मधोमध परातीएवढा पोपडा पडून उघड्या विटा, उजवीकडे विजेचं मीटर, वरून केबलची वायर. सरळ समोरून काढलं तर नजर मीटरकडे जाते, कारण भिंतीवर धारदार कोपरे त्याचेच. दोन पावलं डावीकडे सरका आणि मीटर पूर्ण बाहेर काढा. अर्धं कापलेलं मीटर पूर्ण मीटरपेक्षा वाईट. उघड्या विटा फ्रेमच्या उजव्या तिसऱ्या भागात ठेवा, डावीकडचा निळा भाग रिकामा राहू द्या. तो रिकामेपणाच विटांना वजन देतो. जोत्याचा काळा दगड खाली हातभर घ्या, म्हणजे फोटोला बूड मिळतं. वायर टळत नसेल तर ती कोपऱ्यातून तिरपी आत येऊ द्या. वरच्या कडेला समांतर, बोटभर अंतरावर धावणारी वायर सगळ्यात जास्त खुपते.

शटर दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा. भिंतीचा फोटो मध्यात क्वचित बिघडतो, कडांवर बिघडतो: अर्धा खिळा, पोस्टरचा तुकडा, आकाशाची पांढरी चिरोटी. नंतर सरळ करताना कडा कापल्या जातात, त्यासाठी थोडी जागा सोडा.

सेटिंग फार नाहीत. भिंतीला समांतर असाल तर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ पुरे, तिरके उभे असाल तर एफ/११. फोकस कोऱ्या गिलाव्यावर चाचपडतो, तो विटेच्या कडेवर लावा. पांढऱ्या चुन्याने फ्रेम भरली की कॅमेरा ती राखाडी करतो, तिथे एक्स्पोजर (उजळपणा) +०.७ ते +१ ठेवा. काळ्या दगडाला उलट, −०.७. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवण्याचं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर निळीचा निळेपणा जातो, उन्हात तो डेलाइटवर ठेवा.

कृष्णधवल करताना नीळ आणि वीट बहुतेकदा एकाच राखाडी छटेला येतात आणि चित्र सपाट होतं. फोटो सुधारायच्या ॲपमध्ये निळ्याची स्लायडर उजळ करा, लालची गडद. क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारी स्लायडर) मात्र जपून. जास्त ओढली की चुना सिमेंटसारखा दिसायला लागतो.

पावसाची सर थांबल्यावर विटांचा रंग गडद होतो आणि शेवाळ उजळतं, तेव्हाचे फोटो फार छान येतात. पण ओल धरलेल्या वाड्याच्या भिंतीला टेकून किंवा सज्जाखाली उभं राहून ते काढू नका. गल्लीच्या पलीकडच्या बाजूने काढा, लेन्स थोडी लांबची लावा.