एसएस मॅनिफोल्डच्या वेल्डिंगची तयारी: फिलर रॉड ठरवण्याआधी

गाडीच्या इंजिनमधला जळका वायू बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) पाइपांचा बनवताना, जोडात वितळवून भरायची फिलर रॉड मागवण्याआधी पहिले काम म्हणजे पाइपचा ग्रेड पक्का करणे. आपल्या बाजारात ३०४ म्हणून २०२ किंवा जे४ (निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेले स्वस्त ग्रेड) हाती पडण्याची शक्यता खरी आहे आणि हे सगळे पाइप डोळ्यांना सारखेच दिसतात. चुंबक लावून इथे काही साधत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. शिवाय अस्सल ३०४च्या बेंडवरही, वाकवताना बसलेल्या ताणामुळे, चुंबक किंचित ओढला जातो. म्हणून पुरवठादाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे, त्यावरचा हीट नंबर (स्टील भट्टीच्या ज्या खेपेतले आहे तिचा क्रमांक) पाइपवरच्या छपाईशी जुळवावा आणि छपाई पुसलेली असेल तर मँगनीज ओळखणाऱ्या थेंबांची चाचणी करावी. पाइप २०२ निघाला तर रॉडचा विचार तिथेच थांबवून पाइप बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅनिफोल्डच्या उष्णतेत तो ३०४ इतका टिकत नाही आणि चांगल्या रॉडने ती उणीव भरून निघत नाही. चुंबक घट्ट चिकटला, तर तो पाइप बहुधा कंपनीच्या सायलेन्सर लाइनमध्ये वापरला जाणारा ४०९ असतो. त्याला ३०४ जोडायचा झाल्यास ३०९एल रॉड घ्यावी.

त्यानंतर इंजिन कोणते आणि मॅनिफोल्ड किती तापणार, हे विचारून घ्यावे. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीच्या ३०४ किंवा ३०४एल पाइपला ईआर ३०८एल रॉड साधारणपणे पुरते. यातल्या ‘एल’ला अर्थ आहे: कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असल्यामुळे साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन धातूच्या कणांच्या सीमा गंजाला उघड्या पडण्याचा धोका कमी होतो. मात्र मॅनिफोल्ड रोजच त्या पट्ट्यातून वर-खाली होतो आणि कमी कार्बनचा जोड दीर्घकाळच्या उष्णतेत ताकदीला थोडा उणा पडतो, हेही ध्यानात ठेवावे. टर्बो पेट्रोल इंजिनवर, जिथे रनर (प्रत्येक सिलिंडरपासून निघणारे मॅनिफोल्डचे पाइप) लालबुंद होईपर्यंत तापतात, तिथे टायटॅनियम असलेला ३२१ पाइप निवडणे योग्य ठरते. त्यासाठी ३२१चीच रॉड शोधण्यात वेळ घालवू नये. आर्कमधून (वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीतून) जाताना टायटॅनियमचा बराच भाग जळून जातो, तर ईआर ३४७ रॉडमधला नायोबियम जोडात टिकतो आणि कार्बनला धरून ठेवण्याचे काम करतो. म्हणून ३२१ पाइपला ३४७ रॉड, हीच रीत आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष फ्लँजच्या (मॅनिफोल्ड बोल्टने बसवण्याच्या जाड पट्टीच्या) जोडाकडे होते. पाइप एसएसचा असला तरी सिलिंडर हेडकडची फ्लँज पुष्कळदा १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलची असते. तिथे हातातली ३०८एल तशीच चालवली, तर फ्लँजमधले लोखंड वितळून जोडात मिसळते, क्रोमियम आणि निकेलचे प्रमाण खाली येते आणि जोडात कडक, ठिसूळ भाग तयार होण्याची भीती राहते. ३०९एलमध्ये साधारण २४ टक्के क्रोमियम आणि १३ टक्के निकेल असल्यामुळे एवढी भेसळ ती पचवते. म्हणजे एकाच मॅनिफोल्डला दोन प्रकारच्या रॉड लागू शकतात. त्या वेगळ्या नळ्यांत ठेवाव्यात आणि अर्धी रॉड उरली तर ग्रेडचा शिक्का असलेले टोक राखून दुसऱ्या टोकाने काम करावे. एकदा नळीबाहेर मिसळलेल्या बिनशिक्क्याच्या रॉड या कामाला वापरू नयेत.

जाडीचा हिशेब सोपा आहे: दीड-दोन मिलिमीटरच्या पाइपला १.६ मिलिमीटरची रॉड, आणि शेड्यूल १०च्या (पाइपच्या भिंतीच्या जाडीची एक ठरलेली श्रेणी) दीड इंची पाइपला, ज्याची भिंत २.७७ मिलिमीटर असते, १.६ किंवा २.४.

साफसफाईसाठी अ‍ॅसिटोन आणि फक्त एसएसवरच वापरलेला एसएस वायर ब्रश घ्यावा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर जोडाजवळ अजिबात नको, कारण आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्यापासून विषारी फॉस्जीन वायू बनतो. जोडाच्या आतल्या बाजूला हवा लागू नये म्हणून पाइपच्या आतून आर्गॉन वायू सोडण्याची सोयही आधीच लावून ठेवावी. ती नसेल तर जोडाच्या मुळाशी, आतल्या बाजूला, काळा, दाणेदार थर धरतो, त्यातून भेगा सुरू होतात आणि सुटलेले कण टर्बोच्या पात्यांपर्यंत जातात. रॉड कितीही योग्य असली तरी हे टळत नाही.

शेवटी त्याच पाइपचा आणि त्याच फ्लँजच्या पट्टीचा तुकडा घेऊन, ठरवलेल्या रॉडने आणि ठरवलेल्या अँपिअरवर एक जोड करून पाहावा, तो आडवा कापून घासावा आणि भिंगाखाली तपासावा. बीडच्या (वेल्डिंगच्या पट्ट्याच्या) मधोमध उभी भेग दिसली तर रॉडचा ग्रेड पुन्हा तपासावा आणि फ्लँजकडून जास्त धातू वितळत नाही ना, हे पाहावे. फक्त शेवटच्या खळग्यात भेग असेल तर रॉड तीच ठेवून करंट हळूहळू उतरवावा आणि खळगा भरूनच आर्क तोडावा.