एम्बसीत रेफ्युजी-मायग्रेशन डेस्कवर काम करायचंय? आधी केस आणि पॉलिसी वेगळी ठेवायला शिका

सांगलीतल्या अभ्यासिकांमधून हल्ली बरेच मेसेज येतात, ताई एम्बसीत रेफ्युजी पॉलिसीवर काम करायचंय, काय वाचू? वाचायचं काय ते तुम्हाला बहुतेक माहिती असतं. १९५१चं रेफ्युजी कन्व्हेन्शन म्हणजे रेफ्युजींच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, त्याला जोडलेला १९६७चा प्रोटोकॉल, भारताने दोन्हीवर सही केलेली नाही, तरी १९९५पासून भारत यूएनएचसीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या रेफ्युजी संस्थेच्या एक्झिक्युटिव्ह कमिटीवर आहे, हे मी परत सांगत बसत नाही. फक्त दुकानातल्या जुन्या नोट्सवर विसंबू नका. त्यात अजून १९४६चा फॉरेनर्स ॲक्टच छापलाय. १ सप्टेंबर २०२५पासून त्याच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट २०२५ लागू झाला. मुलाखतीत जुना कायदा सांगितलात की समोरच्याचं लक्षच उडतं.

मी विट्याकडची, घर गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांचं. आमच्याकडे घरातलं कुणी ना कुणी परमुलखात दुकान टाकून बसलेलं असतं, त्यामुळे पोटासाठी गाव सोडणं मला नवीन नव्हतं. जीव वाचवायला देश सोडणं काय असतं ते मात्र दिल्लीतच कळलं. युरोपातल्या एका देशाच्या एम्बसीत मी लोकल स्टाफ म्हणून लागले आणि रेफ्युजी आणि मायग्रेशन दोन्ही फायली एकाच टेबलावर आल्या. रेफ्युजी फाईलचा संबंध गृह मंत्रालयाशी, मायग्रेशनच्या फाईलचा जास्त करून परराष्ट्र मंत्रालयाशी, आणि दोन्हीकडची बोलायची पद्धत वेगळी.

लोकल स्टाफ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. डिप्लोमॅटिक पासपोर्ट नाही, बदली नाही, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल तसं. एम्बसीतून आपोआप जिनिव्हाला यूएनमध्ये जाता येतं असं कुणी क्लासवाला सांगत असेल तर त्याला फी देऊ नका. डिप्लोमॅट व्हायचं असेल तर मुख्य रस्ता यूपीएससी आणि आयएफएसचाच. पण पॉलिसीचं खरं काम शिकायला हे टेबल चांगलं आहे, हे मी मनापासून सांगते.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते, आणि हे मी लांबवूनच सांगणार. पॉलिसी डेस्कवर बसलेल्या माणसाच्या हातात एकाही माणसाची केस नसते. एकाही. हे कागदावर कळतं, पण समोर माणूस रडत उभा राहिला की विसरायला होतं. आपल्या सांगली-साताऱ्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही, आपण म्हणतो बघते हं, करूया काहीतरी. गावात समोरच्याला त्याचा अर्थ कळतो. पण तीन वर्षं भाड्याच्या एका खोलीत वाट बघत बसलेल्या अफगाण बाईला तो शब्द दिल्यासारखा वाटतो, आणि ती चूक तिची नसते.

माझ्याबाबतीत झालं ते असं. एका मीटिंगमध्ये काही कुटुंबांशी बोलणं झालं, ऑफिसचा नंबर लोकांकडे गेला, इथवर सगळं रीतसर. थोड्या दिवसांनी गेटवर एक गृहस्थ आले, हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर माझं नाव, एक्स्टेन्शन नंबर आणि खाली पेनाने लिहिलेली रक्कम. कुठल्यातरी एजंटाने वस्तीत सांगितलं होतं की या मॅडम रिसेटलमेंटच्या, म्हणजे तिसऱ्या देशात कायमचं वसवायच्या यादीत नाव घालतात, आणि त्यावर पैसे गोळा केले होते. त्या माणसाने ॲडव्हान्स दिलेला. मी त्या एजंटाला कधी बघितलेलंही नाही. पण मग सिक्युरिटीवाल्यांचे प्रश्न, लेखी जबाब, वरिष्ठांसमोर बसणं, चौकशी संपेपर्यंत कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल अडकलेलं, आणि घरी आईला सांगायची सोय नाही. माझं निभावलं, त्या गृहस्थांचे पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून प्रोसेस तोंडपाठ ठेवा, कारण एजंटाचा धंदा लोकांना प्रोसेस माहिती नसण्यावरच चालतो. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं भारत सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे लोक यूएनएचसीआरकडे नोंदणी करतात, मुलाखत होते, मान्यता मिळाली तर कार्ड मिळतं. तिसऱ्या देशात जायचं तर साधारणपणे यूएनएचसीआर नाव पुढे पाठवतं आणि निर्णय तो देश घेतो. जगभरात वर्षाला एक टक्क्याहूनही कमी रेफ्युजींना ही संधी मिळते. यातल्या कुठल्याच पायरीवर तुमच्या टेबलाची सही लागत नाही आणि यूएनएचसीआर कुठल्याच पायरीवर फी घेत नाही. हेच समोरच्याला पहिल्या मिनिटाला सांगायचं, दुभाष्याला घेऊन, त्याच्या भाषेत, आणि कागदावर लिहून द्यायचं: हे माझ्या हातात नाही, नोंदणी तिथे होते, पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. कठोर वाटेल, पण त्या माणसाचे पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली. नोट लिहिताना माणसाचं नाव, गाव, धंदा, मुलं किती, हे घालू नका. नोट किती टेबलांवरून फिरते ते तुम्हाला कधीच कळत नाही, आणि नाव नसलं तरी अमुक गावातला अमुक शाळेचा मास्तर एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. तो ज्या देशातून पळून आला त्या देशाच्या एम्बसीत चौकशीचा फोन तर चुकूनही लावायचा नाही. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो.

गावाकडचे फोनही येतात, भाच्याचं जर्मनीचं बघ की. भारत-जर्मनी मायग्रेशन करार डिसेंबर २०२२मध्ये झाला, २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तेव्हापासून असे फोन वाढलेत. व्हिसा सेक्शन वेगळा असतो, तिथे ओळखीने काही होत नाही, स्पष्ट सांगा. आखातात जाणाऱ्यांना मात्र खरी मदत करता येते. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो, आणि नोकरीसाठी ठरलेल्या १८ देशांत जायचं तर त्यावर क्लिअरन्स लागतो. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघायचं, आणि त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. एवढं सांगितलंत तरी एखाद्या घराची जमीन गहाण पडायची वाचते.

एवढं वाचून घाबरू नका. हे काम गरजेचं आहे आणि आपल्या भागातल्या पोरापोरींना जमण्यासारखं आहे. एखाद्या रविवारी मिरज-कोल्हापूर लाईनवरच्या वळिवड्याला जाऊन या. सोव्हिएत युनियनमध्ये हद्दपार झालेले आणि तिथून इराणमार्गे आलेले जवळजवळ ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथे छावणीत राहिले, शाळा, चर्च, सगळं उभं केलं. त्यांच्या पाठीशी मुंबईतलं पोलिश कॉन्सुलेट होतं. मग जुलै १९४५मध्ये ब्रिटनने लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या सरकारला दिली, आणि छावणीतल्या लोकांचं सरकारच गेलं. धुणं वाळत घालणाऱ्या त्या बायकांनी काहीच केलं नव्हतं. पॉलिसी म्हणजे काय ते मला कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा तिथे जास्त समजलं.

सर्टिफिकेटचा नाद सोडा. मॉडेल यूएनमध्ये भाषण जमतं, इथे भाषण कुणी मागत नाही, एक पानाची नोट मागतात. ‘रेफ्युजींची परिस्थिती बिकट आहे’ असं लिहिलंत तर ती लाल पेनाने परत येते. कुणी सांगितलं, कधी, त्याला स्वतःला माहितीये की ऐकीव, आणि आपल्या देशाने यावर काय करावं, एवढं लागतं. सवयीसाठी राज्यसभेतलं एखादं लेखी उत्तर घ्या आणि त्यावर एक पान लिहा, आधी मराठीत लिहिलं तरी चालतं, विचार तरी सरळ राहतो. कोर्टाचं वाचायचं तर सुप्रीम कोर्टाचा १९९६चा अरुणाचलातल्या चकमा लोकांबद्दलचा निकाल आधी वाचा, राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परदेशी माणसालाही लागू आहे हे त्यात स्वच्छ सांगितलंय. मेंटॉर म्हणून मोठ्या साहेबांच्या मागे लागू नका, ते तीन-चार वर्षांत बदलून जातात. जुना दुभाषा आणि वीस वर्षं बसलेली ॲडमिनवाली बाई, या दोघांशी नीट वागा. मला जे आलं ते जास्त करून यांच्याकडून. आणि जमलं तर अफगाणांची दारी किंवा म्यानमारची बर्मीज भाषा शिकायला घ्या, दुसऱ्या डिप्लोमापेक्षा ते लवकर कामाला येतं.

अर्जाला आमदार-नगरसेवकांचं पत्र जोडू नका, तिथे ते उलटच पडतं. शिकवलेल्या प्राध्यापकांचं नाव द्या आणि त्यांना आधी फोन करून कल्पना द्या, कारण एम्बसीवाले खरंच फोन लावतात आणि सर तेव्हा पेपर तपासत बसलेले असतात.