गाडी जॅकवर घेताना या चुका टाळा

गाडी जॅकवरून पडली की खापर जॅकवर फुटतं. खरं तर लोखंड मोडून गाडी पडणं तसं दुर्मीळ. हजार किलोच्या छोट्या हॅचबॅकचं पुढच्या एका चाकावर येणारं वजन साधारण ३०० किलो, आणि साधा ट्रॉली जॅकसुद्धा (चाकांवर सरकणारा, ऑइलच्या दाबावर चालणारा) २ टनांचा असतो. म्हणजे ताकद भरपूर आहे. घोळ होतो तो असा: गाडी इंच-दोन इंच पुढे किंवा मागे सरकते, जॅक तिरका होतो, आणि तिरक्या जॅकला मग कितीही टनांचा शिक्का असला तरी उपयोग नसतो. म्हणून घरच्या घरी चाक काढायचं असो, ब्रेक पॅड बदलायचे असोत की ऑइल, पहिला प्रश्न ‘गाडी उचलू कशी’ हा नाही. गाडी सरकेल कुठे, आणि तिला अडवणारं काय आहे, हा आहे.

हँडब्रेक ओढलाय ना, मग ठोकळे कशाला?

ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती चुकीच्या गणितातून होते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि हँडब्रेक मागची चाकं धरतो. आता मागची दोन्ही चाकं उचलली तर हँडब्रेक कोणाला धरून बसला? हवेतल्या चाकांना. जमिनीवर उरलेल्या पुढच्या चाकांना फक्त गिअर अडवतो. पुढची दोन्ही उचलली तर नेमकं उलट: गिअर हवेतल्या चाकांना धरतो आणि सगळी भिस्त हँडब्रेकवर येते. त्याची केबल सैल असेल तर गाडी मोकळीच समजा.

पुढचं एकच चाक उचलण्यात आणखी एक मेख आहे, ती अनेकांना माहीत नसते. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये आहे, म्हणून जमिनीवरचं दुसरं चाक लॉक आहे असं आपण धरून चालतो. तसं नसतं. मधला डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची जुळणी) एका चाकाला सुलट आणि दुसऱ्याला उलट फिरू देतो. हवेतलं चाक मोकळं आहे म्हटल्यावर जमिनीवरचं चाकही गिअरला न जुमानता फिरू शकतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागेच काम करतात. मागची बाजू पूर्ण उचलली की पुढच्या चाकांना अडवणारं काहीही उरत नाही. काही जुन्या सित्रोएन गाड्यांत हँडब्रेक पुढच्या चाकांवर होता, तिथे हिशेब पुन्हा वेगळा.

एवढं डोकं चालवण्यापेक्षा सरळ ठोकळे लावावेत. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना, पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी. ठोकळा पाचरीसारखा उतरता हवा आणि टायरला घट्ट भिडलेला हवा. वीट नुसती टेकवून ठेवली तर टायर तिला ढकलत नेतो. हँडब्रेक आणि गिअर हवेतच, पण ठोकळ्यांच्या जोडीला.

जमीन बघितली का?

उतारावर गाडी उचलू नये हे सांगायला नको. पण सपाट जागाही फसवते. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत वर जातो. हँडल मारताना जॅककडे नीट बघा: प्रत्येक फटक्याला त्याची चाकं थोडीथोडी गाडीखाली सरकत असतात. ती सरकायलाच हवीत. मातीत, खडीत किंवा फरशीच्या फटीत चाक अडकलं की जॅक जागेवर राहतो, वरची वाटी मात्र कमानीत फिरत राहते आणि एकतर गाडी ओढली जाते किंवा वाटी टेकवलेल्या जागेवरून घसरू लागते. त्यामुळे मऊ जागेवर जॅकखाली जाड प्लायवूडचा मोठा तुकडा टाकावा. इतका मोठा की जॅकला त्यावर पुढे यायला जागा राहील. जॅकच्या मापाचा फळकूट टाकला तर नवीनच खड्डा तयार केल्यासारखं होतं.

डांबरावर वेगळी अडचण. थंडीत ते दगडासारखं असतं, उन्हात तापलं की स्टँडचे (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या घोड्यांचे) पाय त्यात हळूहळू रुततात, तेही चारही सारखे नाही. तिथेही प्लायवूड. सगळ्यात बरं काँक्रीट.

टेकवायचं कुठे

दरवाजाच्या खालच्या कडेला, गाडीच्या पोटाशी, पत्र्याची एक उभी शिवण असते. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे त्या शिवणीवरून बोट फिरवा. दोन छोट्या खाचा हाताला लागतील. त्या दोन खाचांमधला भाग कंपनीने आतून मजबूत केलेला असतो. डिकीतला जॅक तिथेच बसतो. खाचेच्या बाहेर चार बोटं जरी सरकलात तरी तीच शिवण दुमडते. ट्रॉली जॅकची वाटी सपाट लोखंडाची असते, म्हणून मध्ये खोबण असलेला रबरी पॅड लावावा, म्हणजे शिवण खोबणीत बसते आणि वजन तिच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर येतं. जुन्या गाडीत इथे गंज आहे का ते आधी टोकरून बघा. पापुद्रे निघत असतील तर त्या जागी गाडी उचलायचीच नाही.

ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचं कवच, सायलेन्सरचा पाइप, केबिनच्या तळाचा सपाट पत्रा, ही जॅक लावायची ठिकाणं नव्हेत. चेंबर तर लगेच पिचकतो, आणि आत ऑइल ओढणारी जाळी तळाच्या अगदी जवळ असते. इलेक्ट्रिक गाडीत पोटाखाली अख्खी बॅटरी आहे, त्यामुळे ठरवून दिलेल्या चार पॉइंटच्या पलीकडे कुठेही नाही. एअर सस्पेन्शन असेल तर आधी ते मॅन्युअलप्रमाणे जॅक मोडमध्ये टाकावं लागतं, नाहीतर गाडी उचलली जात असतानाच यंत्रणा तिची उंची सारखी करायला बघते.

आता खरी पंचाईत, जिथे बहुतेक जण अडतात: जॅक पॉइंटवर लावला, गाडी उचलली, मग स्टँड कुठे लावायचा? जागा तर जॅकने अडवली. याचं उत्तर गाडी उचलण्याआधी तयार हवं. मॅन्युअलमध्ये पुढच्या किंवा मागच्या बाजूला मधोमध उचलायचा पॉइंट दिला असेल तर ट्रॉली जॅक तिथे लावावा आणि बाजूच्या दोन्ही पॉइंटखाली स्टँड घ्यावेत. मधला पॉइंट दिलेला नसेल तर बाजूच्या पॉइंटवर उचलून स्टँड सबफ्रेमच्या (गाडीखालच्या, सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) मजबूत जागेखाली घ्यावा, पण ती जागाही मॅन्युअलने मान्य केलेली असावी. अंदाजपंचे नको.

जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं

जॅक उचलतो, धरून ठेवणं त्याचं काम नाही. ट्रॉली जॅकमध्ये अख्खं वजन ऑइलच्या दाबावर उभं असतं आणि तो दाब अडवते एक सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. डिकीतला कात्रीसारखा जॅक तर फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. त्याचा तळ इतका लहान असतो की नट ढिला करताना मारलेल्या झटक्यानेही तो डुलतो. ते चाक बदलून होईपर्यंत शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये.

खाली जायचं तर स्टँड हवेत, ज्यांना गॅरेजात घोडी म्हणतात, आणि तेही जोडीने, एकाच उंचीवर. विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक, एकावर एक रचलेली फळकुटं चालणार नाहीत. ब्लॉक भिंतीत पसरलेलं वजन घेतो. लोखंडी कडेचं टोकावरचं वजन आलं की त्याचा तुकडा उडतो, आणि आधी वाकून इशाराही देत नाही. स्टँड घेताना टनांचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, ते वाचून घ्या. बऱ्याचदा जोडीचा असतो.

दात्यांच्या स्टँडमध्ये खटका दातात पूर्ण बसला आहे ना, ते डोळ्यांनी बघा, आवाजावर जाऊ नका. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारं विकणाऱ्या दुकानसाखळीने ३ आणि ६ टनांचे स्टँड परत मागवले होते, कारण वजन हललं तर खटका दातांतून निसटू शकत होता. नंतर बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्ये वेल्डिंगचा दोष निघाला. त्यामुळे माझी पसंती आरपार पिन घालायची सोय असलेल्या स्टँडला. पिन घातली की दाते सुटले तरी गाडी खाली येत नाही.

गाडी स्टँडवर हळू टेकवा. जॅक काढून टाकू नका. नुसता भिडेल इतपत वर ठेवून द्या. काढलेलं चाक दरवाजाच्या कडेखाली आडवं सरकवा. मग बाहेर उभं राहूनच गाडीला कमरेने दोन-चार चांगले धक्के द्या. पडायची असेल तर आत्ता पडू दे, तुम्ही खाली असताना नको. हे करताना संकोच वाटतो, पण स्टँडवर नीट बसलेली गाडी अशा धक्क्यांनी हलत नाही.

नुसतं ऑइल बदलायचं असेल आणि चाक काढायचं नसेल, तर हा खटाटोपच कशाला? चढवायचे रॅम्प मिळतात. चाकं रॅम्पवर, मागे ठोकळे, झालं.

चाक निघत नाही

नट हवेत ढिले करायला जाऊ नका. चाक फिरतं आणि सगळा जोर जॅकवर जातो. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा आटा सैल करा, मग उचला. नट काढले तरी चाक हबला गंजाने चिकटून बसलं असेल तर लोक खाली बसून लाथा घालतात. जॅकवरच्या गाडीला लाथा, यापेक्षा वाईट कल्पना सापडणं कठीण. त्यापेक्षा नट पुन्हा हाताने लावा, एक-दोन आटे सैल ठेवा आणि गाडी हळूच खाली घ्या. गाडीचं वजनच चाक मोकळं करतं. ‘टक’ असा आवाज आला की पुन्हा उचला.

जॅक नाटकं करतो तेव्हा

हँडल मारताय आणि काहीच वर येत नाही: आधी रिलीज व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून घट्ट बंद आहे का बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. हँडल स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा शिरली आहे. रिकाम्या जॅकचा व्हॉल्व्ह उघडा, हँडल दहा-पंधरा वेळा पूर्ण मारा, व्हॉल्व्ह बंद करून बघा. ठरावीक उंचीच्या वर जातच नसेल तर ऑइल कमी. जॅक पूर्ण खाली असताना ते भरायच्या भोकाच्या काठापर्यंत असावं लागतं. जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल घाला. ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगून वाया जातात. रिकामा वर जातो पण वजनाखाली हळूहळू बसतो, अशा जॅकच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा सील गेलंय. दुरुस्त होईपर्यंत त्याने गाडी उचलू नये.

कात्रीचा जॅक फिरवायला जड जातो तो बहुधा स्क्रू कोरडा पडल्यामुळे. आट्यांना ग्रीस लावा. आणि पंक्चर चाकामुळे गाडी इतकी बसली असेल की जॅक खाली जातच नाही, तर ते चाक सावकाश एका फळीवर चढवा. तेवढी उंची पुरते.

खाली घेताना

स्टँड निघत नसेल तर ठोकू नका. जॅकने गाडी बोटभर आणखी उचला, वजन हटलं की खटका हाताने सहज सुटतो. खाली पाना, टॉर्च, हात काही राहिलं नाही ना बघा आणि रिलीज व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा. एकदम उघडला तर गाडी आदळते. नट हवेत हाताने भिडवायचे आणि शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. पान्यावर उभं राहून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झालं की सुटत नाहीत.

गाडी खाली आल्यावर ती बाजू थोडी उंच वाटते. घाबरायचं कारण नाही, टायर आत ओढले गेलेले असतात; चार पावलं पुढे-मागे केली की सस्पेन्शन जागेवर बसतं. ठोकळे मात्र त्याआधी काढा. आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.