कोकणातील एसटी, रेल्वे आणि फेरीबोटीची माहिती एकमेकींशी कशी जोडावी

दापोलीहून गुहागरला जाणारा प्रवासी दाभोळला एसटीतून उतरतो, फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला पोहोचतो आणि पुढचे वाहन शोधतो. ही सगळी वेळापत्रके एकाच प्रश्नाला मिळून उत्तर देऊ शकतील, अशी रचना करणे हे आपले काम आहे.

प्रथम प्रत्येक थांब्याला, धक्क्याला आणि स्थानकाला स्वतंत्र, कायमस्वरूपी यूआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखी एकमेव ओळखखूण, द्यावा. नाव ही ओळख मानू नये. रत्नागिरीचे रेल्वे स्थानक, ज्याचा रेल्वे संकेत ‘आरएन’ आहे, आणि शहरातील एसटी स्थानक या दोन वेगळ्या जागा आहेत. त्यांच्यात ‘सेमॲज’ (sameAs), म्हणजे ‘दोन्ही एकच’, हा संबंध लिहिला, तर मधला रिक्षाचा प्रवासच माहितीतून नाहीसा होईल. तेथे ‘येथून बदल शक्य’ असा संबंध आणि लागणारा वेळ नोंदवावा. माझ्या मते सर्वाधिक काळजी इथेच घ्यायला हवी.

त्यानंतर जीटीएफएस (GTFS) या वाहतूक वेळापत्रकांच्या प्रमाणित स्वरूपातील तक्त्यांची प्रत्येक ओळ आरडीएफ (RDF) या माहिती जोडण्याच्या पद्धतीतील कर्ता, संबंध आणि कर्म अशा त्रिकुटांत उतरवावी. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असल्याने प्रत्येक सेवेला वैधतेच्या तारखा जोडाव्यातच.

शेवटी शॅकल (SHACL) या आरडीएफ माहिती तपासणाऱ्या भाषेतील नियमांनी तारखेविना राहिलेल्या नोंदी अडवाव्यात आणि स्पार्कल (SPARQL) या आरडीएफच्या प्रश्नभाषेत एक साधा प्रश्न विचारून पाहावा: धोपाव्याला बोट लागल्यानंतर अर्ध्या तासात गुहागरची कोणती एसटी सुटते?